होंडुरास शिल्लक आहे

आमच्या भोरमध्ये जग विकत मिळतं, पण जकात भरल्याशिवाय नाही.

ही जकात वसूल करणारा माणूस एसटी स्टँडवरून बाजारपेठेकडे निघालं की डाव्या हाताला बसलेला दिसतो. दुकान जेमतेम दहा फुटांचं. वह्या, पेनं, डिंकाच्या बाटल्या, आणि काउंटरखालच्या खणात कोऱ्या नकाशांचे गठ्ठे. शाळेतल्या पोरांना परीक्षेत भरायला लागतात ते, नुसत्या सीमा छापलेले. भारत राजकीय, भारत प्राकृतिक, जग राजकीय, जग प्राकृतिक. त्यामुळे या दुकानापुढे जे बोलणं कानावर पडतं, त्यानं नवखा माणूस जरा घाबरतो.

"अण्णा, जग आहे का?"

"राजकीय संपलं. प्राकृतिक शिल्लक हाय."

"आणि भारत?"

"भारत उद्या ईल. पुण्यास्नं यायचाय."

पोरानं जग मागितलं की अण्णा गठ्ठ्यावर पंजा ठेवतात आणि म्हणतात, "जगात शिरायचं तर जकात लागंल." जकात म्हणजे एक प्रश्न. कुठल्या तरी देशाची राजधानी सांगायची, नाहीतर शेजारी, नाहीतर खंड. उत्तर बरोबर आलं की नकाशा हातात. चुकलं की दुसरा प्रश्न. तिसऱ्यांदा चुकलं तर, "जा, स्टँडाला एक चक्कर मारून ये, तवर डोस्कं हलंल." भारताच्या नकाशाला मात्र जकात नाही. "घरात शिराय कसली आलीया जकात?" असं अण्णाच म्हणतात.

अण्णांचं खरं नाव निवृत्ती धुमाळ. पण भोरमध्ये धुमाळ कोण असं विचारलंत तर दहा धुमाळ निघतील आणि त्यांत हे नसतील. सगळे त्यांना जगताप म्हणतात. जग विकतो आणि ताप देतो म्हणून जगताप. हे नाव आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये जन्माला आलं आणि इतकं रुळलं की एकदा कुरियरवाला 'जगताप' लिहिलेलं पार्सल घेऊन आला तेव्हा अण्णांनी मुकाट्यानं सही करून घेतलं. वर मला म्हणाले, "युगांडानं थोडंच सोताचं नाव सोता ठेवलं आसंल?"

आता माझ्याबद्दल. मी त्याच शाळेत अकरा वर्षं भूगोल शिकवतो. एम.ए., बी.एड. हे मी मिरवायला सांगत नाही. पण जगाची माहिती देण्याचा पगार या गावात मी घेतो आणि ती फुकट वाटणारा माणूस माझ्या शाळेपासून शंभर पावलांवर बसतो, हे दुखणं ज्याचं त्यालाच कळेल.

अण्णांचा भूगोल पुस्तकातल्यासारखा नाही. चौरस किलोमीटरवर त्यांचा विश्वासच नाही. "चौरस किलोमीटर कुणी डोळ्यानं बगितलाय का? तालुका बगितलाय." त्यामुळे सगळं जग ते भोर आणि वेल्हे या दोन मापांनी मोजतात. सिंगापूर भोर तालुक्यात बसून वर गुरं चारायला रान उरतं. लिख्टेनश्टाइन वेल्ह्यात दोनदा मावतं. व्हॅटिकन म्हणजे शे-सव्वाशे एकर, "गुंजवण्यात माझ्या सासऱ्याच्या भावकीची जमीन त्याच्यापरीस जास्त व्हती, पर सासऱ्याला कुणी पोप म्हणलं न्हाई." नौरूत भोर गावापेक्षा कमी माणसं राहतात. "तरी त्यास्नी युनोत खुर्ची. अन् हितं आमाला नगरपालिकेत बसाय स्टूल मिळंना."

प्रत्येक देशाचं त्यांना माणसासारखं काही तरी वाटत असतं. मंगोलिया त्यांचा लाडका, कारण तो धनगरांचा देश. माणसांपेक्षा मेंढरं जास्त. उझबेकिस्तानचं नाव निघालं की ते हळहळतात. त्याला समुद्र गाठायचा तर दोन देश ओलांडावे लागतात. लेसोथोची तर त्यांना रात्रंदिवस काळजी. "चारी अंगाला येकच शेजारी, दक्षिण आफ्रिका. भांडान झालं तर बिचाऱ्यानं जायाचं कुठं?" आणि हा सगळा संसार सांभाळणारा माणूस स्वतः पुण्याच्या पलीकडे फक्त एकदा गेला आहे, मेव्हण्याच्या लग्नाला, बार्शीला.

एक सवय मात्र मला फार खटकायची. अण्णा ओरडून बोलत. समोर हातभरावर उभ्या असलेल्या पोराला ते असा प्रश्न विचारत की पलीकडचा चप्पलवाला दचकावा. पोरानं चुकीचं उत्तर दिलं की ते आणखी मोठ्यानं घोळवून सांगत. "काय म्हनलास? ब्राझीलची राजधानी पुर्तगाल? आरं, देशाची राजधानी दुसरा देश कसा आसंल? भोरची राजधानी वेल्हं म्हनशील का?" आणि हे बोलताना मान किंचित मागे, दुकानातल्या पडद्याकडे वळलेली. पडद्यामागे त्यांचं घर, एवढं मला ठाऊक होतं. मला वाटायचं म्हातारा बहिरा होत चालला असेल, किंवा नुसताच भाव खात असेल. पण बहिरा म्हणावं तर मी रस्त्याच्या पलीकडून 'आला जगाचा ताप' असं पुटपुटलेलं त्यांना ऐकू येई.

माझी आणि त्यांची ठिणगी पडली ती कझाकस्तानवरून. सहामाहीचा भूगोलाचा पेपर होता आणि ऐनवेळी पंचवीस नकाशे कमी पडले. मी स्वतः धावत गेलो.

"अण्णा, पंचवीस जग द्या. घाईत आहे."

पंजा गठ्ठ्यावर. "जकात, सर."

"मी मास्तर आहे, अण्णा!"

"मग तर सोपंच हाय. कझाकस्तानची राजधानी?"

मी तोऱ्यात सांगितलं, "नूर-सुलतान."

"व्हती," अण्णा म्हणाले, सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असं. "आता परत अस्ताना झाली. देश नावं बदलत्यात, सर. आपलं वेल्हं बगा की, आता राजगड तालुका झालाय. मास्तरानं नकाशावर रोज हात फिरवावा." मागे उभी असलेली आठवी-ब फिदीफिदी हसली. नकाशे मला दुसऱ्या प्रश्नाला मिळाले. तो प्रश्न श्रीलंका कुठल्या खंडात आहे असा होता, आणि तो मुद्दाम सोपा घातला होता हे मला जास्त झोंबलं.

त्यानंतर वर्गात मी जरा बोललो की बाकावरून हात वर. "सर, पण जगतापअण्णा म्हणतात..." एकदा बोलण्याच्या ओघात मी तुर्कस्तानची राजधानी इस्तंबूल म्हणून गेलो. दहा हात वर झाले. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला एकदा तरी जगात हरवायचं.

आणि मला त्यांचं मर्म सापडलं. दुकानातल्या लाकडी कपाटाच्या दारावर आतून एक यादी चिकटवलेली आहे. सगळे देश, मराठी अक्षरांच्या क्रमानं, अण्णांच्या हातची. अ पासून सुरुवात. इंग्रजीत जग झिंबाब्वेला संपतं, पण मराठीत ते ह ला संपतं, म्हणजे हंगेरी, हैती आणि अगदी शेवटी होंडुरास. प्रत्येक देशापुढे लाल पेनानं बरोबरची खूण. फक्त होंडुरासपुढे काही नाही. मला आतून उकळ्या फुटल्या. म्हाताऱ्याचा एक धडा करायचा राहिला होता!

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम पोरांच्या घोळक्यासकट दुकानापुढे उभा राहिलो.

"अण्णा, आज मी विचारणार. तुम्ही चुकलात तर तुमची जकात कायमची बंद. पोरांना नकाशा नुसता मागितला की मिळायचा."

"अन् न्हाई चुकलो तर?"

"तर मी रोज येऊन जकात भरीन."

अण्णांना हे भलतंच आवडलं. त्यांनी टोपी सरळ केली. मी बोलिव्हिया विचारलं. त्यांनी दोन्ही राजधान्या सांगितल्या, सुक्रे आणि ला पाझ, आणि दोन बायकांच्या दादल्यासारखी त्या देशाची कशी ओढाताण होते तेही सांगितलं. मी भूतान विचारलं, चाड विचारलं, सुरिनाम विचारलं. प्रत्येक उत्तराला पोरं टाळ्या वाजवत होती, माझीच पोरं. मग मी हळूच म्हणालो,

"होंडुरास."

अण्णांनी मागे पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते हलक्या आवाजात बोलले.

"सर, दुसरं कायबी इचारा. होंडुरास सांगता येत न्हाई."

"नक्की?"

"न्हाई सांगता येत."

"येत नाही! अण्णांना येत नाही!" पोरांनी एकच कल्ला केला. मीही त्यात होतो. 'येत नाही' आणि 'सांगता येत नाही' यातला फरक मला तेव्हा ऐकू आला नाही, आणि मी म्हणे पोरांना शब्द नीट वाचा म्हणून शिकवतो.

अण्णा शब्दाला पक्के. सोमवारी काउंटरवर पुठ्ठा लागला: 'जकात माफ'. पोरं दोन दिवस खूश होती. मग गंमतच संपली. जो नकाशा नुसता मागून मिळतो त्यासाठी शंभर पावलं तरी कोण जातं? शाळेच्या दारातला झेरॉक्सवालाही नकाशे ठेवायला लागला. दुकानापुढचा घोळका नाहीसा झाला. माझ्याकडे येणाऱ्या नकाशांत इजिप्त दक्षिण अमेरिकेत दिसू लागला आणि जपानला एका पोरीनं सरळ हिंदी महासागरात सोडून दिलं. तरीही मी मनाची समजूत घालत होतो की जिंकलो आहे.

तीन आठवड्यांनी मला खडूचे दोन खोके हवे होते. गेलो तर दुकान उघडं, पण अण्णा नाहीत. मी हाक मारली. पडद्यामागून बाईचा आवाज आला, थोडा जड, शब्द एका बाजूनं घसरणारा.

"कोन हाय? ह्ये औषध आनाय गेल्यात."

"मी शाळेतला. भूगोलाचा..."

"अगं बया, सर व्हय! या की आत. आवाज वळखीचा हाय तुमचा. मला उठाय न्हाई येत."

मी पडदा सारला. खाटेवर अण्णांच्या बायको पडल्या होत्या, सरूआक्का. उजवी बाजू पूर्ण गेलेली. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता, हे मला त्या क्षणी कळलं. चार वर्षं मी पडद्यापासून चार हातांवर उभा राहून खडू घेत होतो. खाटेसमोरच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता, बघताना मान वळवावी लागू नये इतका बरोबर समोर.

"पोरं का वो येत न्हाईत?" आक्कांनी पहिलंच विचारलं. "ह्ये म्हनत्यात परीक्षा हायत. येवढ्या कसल्या परीक्षा? येका शनिवारी म्या औषधाच्या गुंगीत व्हते, तवापासनं दारात कुनाचा आवाजच न्हाई."

म्हणजे अण्णांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

"लई मजा याची," त्या सांगायला लागल्या. "मी हितं पडून समदं ऐकायची. ह्ये मुद्दाम वरडून इचारत्यात, मला ऐकू यावं म्हनून. त्या येका पोरानं नेपाळची राजधानी बैरूत सांगितली व्हती, ठावं हाय का? मी आठवडाभर हसत व्हते. अन् तुमीबी येकदा चुकला व्हता, त्या कझाकाच्या टायमाला." मान हलवता येत नसतानाही त्यांचे डोळे हसत होते.

मग त्यांनी सगळंच सांगितलं. माहेर गुंजवण्याचं. चौथीपर्यंत शिकल्या, पुढची शाळा लांब म्हणून सोडवली. "आमच्या शाळंत जगाचा नकाशा व्हता, पर उंदरानं कुरतडल्याला. अर्धी आफ्रिका न्हवतीच. मला वाटायचं तितकीच आसती. लगीन होऊन हितं आले अन् ह्यांच्या दुकानात पयल्यांदा अक्खी आफ्रिका बगितली. हरकून गेले बगा." झटका आल्यावर त्यांनी खाणंपिणं टाकलं होतं. तेव्हा अण्णांनी त्यांच्यापुढे हा नकाशा लावला आणि म्हणाले, दर बाजाराच्या दिवशी तुला एक देश फिरवून आणतो, अ पासून. तवर जेवायचं.

"म्या म्हनलं, बरं. पर ह झाला की मला मोकळी करायची. मग आडवायचं न्हाई." आक्कांनी डोळे नकाशाकडे वळवले. "जेवत ग्येले. देश व्हत ग्येले. हैती झाला तवापासनं ह्यो बाबा होंडुरास दाबून धरून बसलाय. नाव काढलं की म्हनतो, अजून माहिती पुरी झाली न्हाई."

मी भिंतीवरच्या नकाशात उगाचच ग्रीनलंड शोधत होतो.

"पर आता पोरांचा आवाज न्हाई, काय न्हाई. नुसतं पंख्याकडं बगायचं. म्हनून काल म्या ह्यांस्नी म्हनलं, आता सांगूनच टाका त्यो होंडुरास. येत्या बाजाराला सांगतो म्हनाल्यात."

बाजार दुसऱ्याच दिवशी होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी एका माणसाचा खोटा गर्व उतरवायला निघालो होतो आणि एका खाटेवरच्या बाईचं रोजचं हसू बंद करून बसलो होतो. खडू न घेताच मी बाहेर आलो.

बाहेर अण्णा येऊन बसले होते. औषधांची पिशवी मांडीवर. मी आतून आलो हे त्यांनी बघितलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. मी तो 'जकात माफ'चा पुठ्ठा काढून उलटा ठेवला.

"अण्णा, एक जग द्या. राजकीय."

"घिऊन जा, सर. माफ हाय."

"फुकट नको. त्या दिवशी तुम्ही चुकला नव्हता. पैज मी हरलोय. रोज येऊन जकात भरायची ठरली होती. विचारा."

अण्णांचा पंजा सवयीनं गठ्ठ्यावर गेला. आवाज मात्र निघेना.

"मोठ्यानं विचारा, अण्णा. मला ऐकू येत नाही."

त्यांनी घसा खाकरला. "ऑस्ट्रेलियाची राजधानी?"

पाचवीचं पोरही सांगेल असा प्रश्न. कॅनबेरा माझ्या ओठांवर होतं. रस्त्यावरून आठवी-बची चार पोरं क्लासला चालली होती, मला बघून थांबली. मी मान ताठ केली, पडद्याकडे तोंड केलं आणि बाजारपेठेला ऐकू जाईल असं ओरडलो,

"सिडनी!"

अण्णांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू त्यांना समजलं. पुढच्याच क्षणी तो जुना आवाज फुटला. "सिडनी? ऑस्ट्रेलियाची राजधानी सिडनी? अगं ऐकलंस का, भूगोलाचं सर सिडनी म्हनत्यात!"

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. उद्या वर्गात माझं काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं. पण पडद्याआडून आधी खोकल्यासारखा, मग खळाळून हसण्याचा आवाज आला आणि थांबेचना.

"अवं," आक्का धापा टाकत म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या त्यो होंडुरास. आधी ह्या सरांचं बगा कायतरी."

अण्णांनी टोपीनं डोळे पुसले आणि मला स्टँडाला चक्कर मारून यायला सांगितलं. मी गेलो. चारही पोरं माझ्या मागोमाग आली.